मार्थाबायच्या विहिरीवरचा पेला

टिपणीस काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी आगाशीच्या बाजारातल्या आमच्या छापखान्यात शाईच्या हातांनी उभी होते. फोन बाबांनी घेतला, ऐकला, ठेवला आणि म्हणाले, "रघुनाथ गेला." मग ते यंत्राकडे बघत बसून राहिले. यंत्र बंद करायचं त्यांना सुचलं नाही... कुठल्याशा साड्यांच्या सेलची पत्रकं एकामागून एक पडत राहिली. संध्याकाळ व्हायच्या आत बाबांच्या समितीचे अध्यक्ष श्रद्धांजलीच्या फलकाचा मजकूर घेऊन दुकानात हजर झाले. तो त्यांनी रिक्षात बसून लिहिला होता, हे हललेल्या अक्षरावरून कळत होतं. 'वाऱ्याला वेसण घालणारा ऋषी हरपला.' मी कागद वाचून त्यांच्या हातात परत दिला. म्हटलं, "हे आमच्याकडे छापून मिळणार नाही." अध्यक्ष बाबांकडे बघून हसले. "पोरगी दुःखात आहे. तुम्ही घ्या." बाबांनी कागद घेतला. दुसऱ्या दिवशी विरार स्टेशनबाहेर काकांच्या फोटोखाली ते वाक्य टांगलेलं होतं.

त्याला आता काही आठवडे झाले. फलक उतरला, त्याच जागी वाढदिवसाच्या शुभेच्छा लागल्या. श्रद्धांजलीत गोड बोलायची आपल्याकडे रीत आहे. टिपणीस काकांना गोड बोलता येत नव्हतं आणि मी जे काही त्यांच्याकडून शिकले त्यात ते नव्हतं. तेव्हा ज्यांना गोड वाचायचं असेल त्यांनी पान उलटावं.

रघुनाथ टिपणीस माझे सख्खे काका नव्हते. बाबांचे कॉलेजातले मित्र. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत नोकरी करायचे आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, चंदनसारला शेतं बुजवून पहिल्या इमारती उभ्या राहत होत्या तेव्हा, तिथे फ्लॅट घेऊन एकटेच राहायला आले. त्यांचं काम काय, हे इमारतीतल्या कुणालाच नीट कळलं नाही. गच्चीवर लोखंडी खांब उभारून त्यावर त्यांनी वाटीसारख्या तीन पत्र्यांचं गरगरणारं यंत्र लावलं होतं. त्यातून निघालेली वायर खाली त्यांच्या खोलीतल्या, संस्थेने मोडीत काढलेल्या संगणकात जायची. वारा किती, कधी, कुठल्या क्षणी सुटला आणि कुठल्या क्षणी पडला, हे तो संगणक अहोरात्र टिपत असायचा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा त्यांना जिन्यात गाठून विचारलं, "साहेब, ते वर फिरतं ते नक्की काय करतं?" काका म्हणाले, "तुमच्यापेक्षा जास्त." तेव्हापासून सोसायटी आणि काका यांच्यात बोलणं नव्हतं, फक्त नोटिसा होत्या.

मी आठ-नऊ वर्षांची असताना त्यांना विचारलं होतं, वाऱ्याचं एवढं काय लिहायचं? त्यांनी मला आगाशीच्या बस थांब्याचं उदाहरण दिलं. "बस सरासरी अर्ध्या तासाने येते, असं बोर्डावर आहे ना? मग तू त्या सरासरीवर उभी राहून दाखव. तासभर बस येत नाही, मग दोन एकामागून एक येतात, दुसरी रिकामी. बोर्ड खरा आहे आणि तू घामाघूम आहेस." त्यांच्या क्षेत्रातले लोक, ते सांगायचे, वाऱ्याची सरासरी काढतात, वर-खाली झालेलं सगळं गोंगाट म्हणून पुसून टाकतात आणि मग त्या सपाट वाऱ्यावर पवनचक्क्या बांधतात. "वाऱ्याला इस्त्री करतात गाढवं. चुण्या गेल्या की उरतं काय? तो वाराच राहत नाही." तो गोंगाट हाच त्यांचा विषय होता. वारा, पाऊस, भरती, विहीर... जिथे शंभर गोष्टी एकमेकींना ढकलत असतात आणि कुणीच कुणाचं ऐकत नाही, तिथे पुढे काय होऊ शकतं याचं गणित ते मांडायचे. मांडून झालं की म्हणायचे, "हे खोटं आहे. मॉडेल म्हणजे खोटंच. फक्त ते किती खोटं आहे, तेही बाजूला लिहिलेलं असतं. तुझ्या बापाच्या पत्रकात ते लिहिलेलं नसतं."

हा टोमणा माझ्या घरावर होता, कारण मी पत्रकांवरच वाढले. अक्षरं मी पत्रकांवरून गिरवली, झोपले पत्रकांच्या गठ्ठ्यांवर. पाणी पळवणाऱ्या टँकरवाल्यांविरुद्ध, बावखलं म्हणजे वाडीतली जुनी तळी बुजवून इमारती उठवणाऱ्यांविरुद्ध, वाड्या वाचवण्यासाठी निघालेल्या समितीचं प्रत्येक पत्रक बाबा लिहायचे आणि बाबाच छापायचे. काका रविवारी यायचे, चहा प्यायचे आणि लाल पेन्सिल मागायचे. "'निसर्गाचा समतोल ढळला.' कुठे बघितलास समतोल? कधी होता? निसर्ग जन्मल्यापासून झोकांड्या खातोय, त्या झोकांड्यांवरच जगतोय. तुम्ही लोक त्याला सरळ उभा करायला जाता आणि पाडता." बाबा चिडायचे. "रघुनाथ, झोकांड्या लिहून मोर्चा निघत नाही." "मग काढू नकोस." मी चौदा वर्षांची असताना माझं पहिलं पत्रक त्यांना दाखवलं होतं. त्यातला प्रत्येक 'निश्चितच', प्रत्येक 'कायमचा', प्रत्येक 'संपूर्ण' त्यांनी खोडला. खोडल्यावर जे उरलं ते बसच्या तिकिटामागे मावलं असतं. मी रडले. ते म्हणाले, "रडून झालं की उरलेलं वाच. तेवढंच तुला माहीत होतं." मी त्यांचा खूप द्वेष केला. ते उरलेलं मी नंतर वाचलं, ते चांगलं होतं.

आता गिरीज गावाबद्दल सांगायला हवं. तिथे मार्थाबायची केळीची वाडी आहे. मार्थाबाय म्हणजे बाबांच्या समितीतली सगळ्यात भांडखोर बाई. नवरा लवकर गेला, दोन्ही मुलं आखातात आणि वाडी तिच्या एकटीच्या अंगावर. तिच्या विहिरीला कधीकाळी रहाट होता आणि त्याला रेडा जुंपलेला असायचा. मग वीज आली, मोटरी आल्या, आजूबाजूच्या विहिरींतून टँकर भरले जाऊ लागले आणि एकेक विहीर खारी व्हायला लागली. काका त्या वाडीत पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी कुणाशी न बोलता विहिरीवर जाऊन बादली सोडली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, घोळवलं आणि थुंकले. मार्थाबाय ओट्यावरून म्हणाली, "मास्तर, आमच्यात पानी गिळतात."

त्यांनी तिला समजावलं ते मला अजून आठवतं. समुद्राजवळच्या जमिनीत खाली खारं पाणी असतं आणि पावसाचं गोडं पाणी त्यावर सायीसारखं तरंगत असतं. हळू काढलं, मध्ये थांबलं, तर साय हाती येते. मोटर लावून एका दमात ओढलं की खालचं खारं वर चढतं आणि एकदा चढलं की सहजी उतरत नाही. रेडा थकला की थांबायचा, मनात नसलं की थांबायचा, आणि तेवढ्यात विहीर सावरायची. मग काका म्हणाले, "तुमचा रेडा आता वारा." वाऱ्यावर चालणारा पंप. सुटला की थोडं पाणी, पडला की काही नाही. इतर सगळ्यांना वाऱ्याची जी खोड वाटत होती, तो कधी येईल याचा नेम नाही, ती या विहिरीचं औषध होती. हे त्यांनी नुसतं म्हटलं नव्हतं. संगणकात त्यांनी गच्चीवरच्या वाऱ्याच्या स्वभावाचे शेकडो खोटे उन्हाळे तयार केले होते, कधी न आलेले पण येऊ शकले असते असे, आणि प्रत्येकातून ती विहीर जगवून पाहिली होती. मोटरवर बहुतेक उन्हाळ्यांत विहीर खारी होत होती. वाऱ्यावर क्वचित. "क्वचित म्हणजे होनारच नाय ना?" मार्थाबायने विचारलं. "क्वचित म्हणजे क्वचित." "खोट्या उन्हाळ्यांचं सांगता, खऱ्याचं सांगा की." "खरा एकच येतो, बाई. आणि तो आधी दाखवत नाही."

त्यांची अट एकच होती. या विहिरीवर मोटर पुन्हा लागणार नाही, एक दिवससुद्धा नाही. वारा पडेल तेव्हा केळी तहानेल, ते सोसायचं, त्यासाठी अर्धीच वाडी लावायची. मार्थाबायने शिव्या दिल्या आणि अर्धीच वाडी लावली. समितीने वर्गणी काढून पवनपंप उभा केला. नारळांच्या वर डोकं काढून ते चाक उभं राहिलं आणि पावसाळी वाऱ्यात पाणी देऊ लागलं. इथवर सगळं माणसांनी बरं केलं होतं. मग अध्यक्षांना उद्घाटन आठवलं.

उद्घाटनाला पाहुणे पाहिजेत, पाहुणे मोठे पाहिजेत आणि मोठ्या पाहुण्यांना मोकळी तारीख ऑक्टोबरात होती. काकांनी सांगितलं होतं, ऑक्टोबरात आपल्याकडे पावसाचा वारा सरलेला असतो, थंडीचा जमिनीवरून येणारा मतलई वारा सुरू झालेला नसतो. चाक हलणार नाही. अध्यक्ष म्हणाले, "सर, देवाच्या मनात असेल तर येईल वारा." काका म्हणाले, "देवाला ऑक्टोबर माहीत आहे." तारीख बदलली नाही. त्या दिवशी केळीचं पानही हलत नव्हतं. मंडप, हार, लाऊडस्पीकर. बाबांनी लिहिलेलं पत्रक खुर्च्यांवर ठेवलेलं होतं: 'वारा आला, पाणी आलं!' पाहुण्यांनी फीत कापली आणि नळातून पाणी भसाभसा कोसळायला लागलं. वर चाकही फिरत होतं, जरा आचके देत. टाळ्या पडल्या. काका पुढे झाले. त्यांनी धारेखाली हात धरला, वर चाकाकडे पाहिलं आणि मग केळीच्या मागे चालत गेले. तिथे एक मोटर घरघरत होती. लाऊडस्पीकरवर गाणी लावली होती, म्हणून ती ऐकू येत नव्हती. आणि समितीचे दोघं कार्यकर्ते चाकाच्या पात्याला बांधलेली दोरी ओढत होते. काका परत आले, माईक घेतला आणि म्हणाले, "हे पाणी वाऱ्याचं नाही." एवढंच. पाहुण्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी बाबांकडे. बाबांनी माईक काकांच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "टिपणीस सर विनोदी आहेत." लोक हसले.

बाबांना माहीत होतं. मोटर आदल्या दिवशी आली तेव्हा ते तिथेच होते. "एका दिवसाने काय होतं?" ते मला नंतर म्हणाले. "चळवळ टिकायची असेल तर लोकांना पाणी पडताना दिसलं पाहिजे." मी तेव्हा त्यांना काही बोलले नाही, कारण मला बोलता येत नव्हतं. आता येतं. बाबा, ज्या दिवशी तुम्ही माईक काढून घेतलात त्या दिवशी तुम्ही टँकरवाल्यांकडून लढत होतात.

मोटर एका दिवसासाठी आली होती. राहिली. अध्यक्षांनी मार्थाबायला समजावलं की ही काय नेहमीसाठी नाही, फक्त वारा पडेल तेव्हा, जोडीला. आणि वारा तर महिनाभर पडलेलाच होता. केळी टवटवीत झाली. मग उरलेल्या अर्ध्या वाडीतही लावली. काका येऊन सांगून गेले, ओरडून गेले, एकदा वायर उपटून गेले. समितीने त्यांना वाडीत येण्याची मनाई केली. इथे कुणी दुष्ट नव्हतं असं म्हणायची फॅशन आहे. मी म्हणणार नाही. दुष्टपणा असाच असतो, हार घालून येतो, उद्घाटन करतो आणि जाताना मोटर ठेवून जातो.

मे महिन्यात केळीच्या पानांच्या कडा करपल्या. आधी कडा, मग पानं, मग बुंधे आडवे. मार्थाबायने बाबांकडे निरोप धाडला, मास्तरांना घेऊन या. मीही गेले होते. अंगणात शेजारपाजारचे, समितीचे, अध्यक्षही उभे. मार्थाबायने विहिरीत बादली सोडली, घरातून स्टीलचा पेला आणला, काठोकाठ भरला आणि काकांच्या पुढे धरला.

"प्या मास्तर. थुकायचं नाय आज."

काकांनी पेला घेतला आणि पूर्ण प्यायले.

"कसं लागतं?"

"खारं."

"तुमच्या वाऱ्याचं पानी."

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा जमिनीकडे बघत होते. काका मार्थाबायला म्हणाले, "अजून एक द्या. एका चवीवर काही धरायचं नसतं."

कुणीतरी हसलं. मार्थाबाय हसली नाही. तिने पेला पुन्हा भरला आणि ते पुन्हा प्यायले, सावकाश, जसं कुणी औषध पितं. मग म्हणाले, "खारंच आहे. मोटर काढा." अध्यक्ष लगेच पुढे झाले. "सर, मोटर होती म्हणून तर केळी एवढे दिवस जगली!" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या... त्या माना मी विसरणार नाही. ज्यांच्या स्वतःच्या विहिरी मोटरींनी खारवल्या होत्या त्यांच्याही माना त्यात होत्या. तेव्हापासून काकांचं गावातलं नाव खारा मास्तर. पुढच्या आठवड्यात आमच्या छापखान्यातून पत्रक निघालं: 'फसलेल्या प्रयोगाची जबाबदारी तज्ज्ञांची'. शब्द अध्यक्षांचे, शुद्धलेखन बाबांचं.

परतीच्या बसमध्ये काका खिडकीतून थुंकत होते, जीभ कोरडी पडली होती. मी विचारलं, "तुम्ही सगळ्यांसमोर का नाही सांगितलंत, कोणी काय केलं ते?" ते म्हणाले, "चूक माझी आहे. मॉडेलमध्ये वारा होता, पाऊस होता, भरती-ओहोटी होती. अध्यक्ष नव्हते." मी म्हटलं, "काका, हा तुमचा गोंगाट नाही. हा गुन्हा आहे." "गुन्हा तू लिही. मला पुढच्या खेपेला तो गणितात घालावा लागेल. उद्घाटन होणारच, हे धरून विहीर जगवावी लागेल." हे त्यांचं म्हणणं मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. सगळ्याच गोष्टींना गोंगाट म्हटलं की कुणाचंच नाव घ्यावं लागत नाही. काका कठोर होते, पण त्यांचा कठोरपणा वाक्यांवर चालायचा, माणसांवर नाही. माणसांना ते हवामानासारखं सोडून द्यायचे. ते त्यांना महागात पडलं आणि मार्थाबायला त्याहून.

केळी मेल्यावर समितीने मोटर उचलून दुसऱ्या कुणाच्या वाडीत नेली. ती समितीची होती ना. तीही विहीर पुढे खारी झाली, ते सांगायला नको. पवनपंप उभाच राहिला, तो काढायलाही कुणी आलं नाही. आणि मार्थाबायने तो स्टीलचा पेला विहिरीच्या खांबाला खिळा ठोकून टांगला. आल्यागेल्याला सांगायची, "हा मास्तरचा पेला. आमच्या घरात आता नको."

काही महिन्यांनी एका रविवारी ती चर्चमधल्या मिस्साहून परतली तर काका विहिरीवर होते. चंदनसारहून दोन बस बदलून आले होते. चाकाला ग्रीस लावलेलं, हात काळे आणि तोंडात पाणी. खांबावरचा पेला त्यांनी काढून घेतला होता. जणू तो त्यांच्यासाठीच टांगला होता... आणि टांगला त्यांच्यासाठीच होता. पुढच्या रविवारी ते पुन्हा आले. वर्षभर हे असं चाललं, एक शब्द नाही. पण वाडीचं फाटक, जे ती मिस्साला जाताना साखळी लावून जायची, ते रविवारी नुसतं ओढून घेतलेलं असायचं. मी कॉलेजात गेले, मग नोकरीला लागले, मग ती सोडून छापखान्यात परतले. अधूनमधून मी त्यांच्याबरोबर जायची. तोवर ती दोघं बोलायला लागली होती, म्हणजे भांडायला. तिने मिरची आणि पालेभाजी लावली होती, वाऱ्यावर जेवढी जगेल तेवढीच.

"मास्तर, कधी गोडं होनार हे?"

"ठाऊक नाही."

"एवढं शिकलात आनि ठाऊक नाय?"

"शिकलो म्हणून ठाऊक नाही. नसतो शिकलो तर तारीख सांगितली असती."

"देवाघरी गेल्यावर होईल."

"तुम्ही की मी?"

"आधी तुम्ही," मार्थाबाय म्हणाली.

तसंच झालं. सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात न टाकलेल्या माणसाच्या जिभेला कर्करोग झाला. डॉक्टरांनी जबडा उघडून जीभ थोडी कापली, मग किरणांचे शेक दिले. मानेची कातडी काळी पडली, लाळ आटली आणि चव गेली, सगळी. साखर, मीठ, कारलं, काही नाही. ज्या माणसाने आयुष्याची शेवटची वर्षं एका विहिरीचं पाणी चाखण्यात घालवली त्याची चव गेली. मी देवाबिवावर विश्वास ठेवत नाही, पण त्या दिवसांत मला शिव्या द्यायला कुणीतरी हवं होतं. काकांना विचारलं तर बोबड्या शब्दांत म्हणाले, "गोंगाट."

या पावसाळ्यात, उघडीप होती त्या दिवशी, आम्ही त्यांना शेवटचं गिरीजला नेलं. बाबा आले होते, कित्येक वर्षांनी. रिक्षातून उतरून विहिरीपर्यंत चालायला काकांना आमच्या दोघांचा हात लागला. चाक जोरात फिरत होतं. त्यांनी खांबावरचा पेला घेतला, पाणी तोंडात घेतलं, घोळवलं. थुंकता आलं नाही, ते हनुवटीवरून ओघळलं. मग पेला त्यांनी मार्थाबायपुढे धरला. "तुम्ही सांगा."

बाबा त्यांच्या मागे उभे होते. त्यांनी मार्थाबायकडे पाहून हलक्या आवाजात म्हटलं, "गोडं लागतं म्हण ना, मार्था."

ती दोन घोट प्यायली. ओठ पुसले.

"खारं," ती म्हणाली. "मास्तर, तुम्ही मेलात तरी हे खारंच असनार."

बाबांनी डोळे मिटले. आणि काका हसले. शिवलेल्या जबड्यातून तो आवाज फार वाईट आला, पण ते हसणं होतं. त्यांनी बाबांचा दंड धरला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "बघ. तुझ्या... पत्रकांपेक्षा... हिचं तोंड बरं."

ते शेवटचं. तेराव्याच्या आत सोसायटीने गच्चीवरचं त्यांचं यंत्र काढलं आणि त्याच खांबावर कुणाच्या तरी टीव्हीची तबकडी बसवली. संगणक भंगारवाल्याने नेला. आणि विरारच्या एका हॉलमध्ये समितीने शोकसभा घेतली.

मी त्या सकाळी गिरीजला जाऊन विहिरीच्या पाण्याची बाटली भरून आणली. मार्थाबाय म्हणाली, "घेऊन जा. पन पेला देनार नाय." सभेत अध्यक्ष बोलायला उभे राहिले. वाऱ्याला वेसण, ऋषी, विज्ञानाचा वारकरी, सगळं झालं. मग म्हणाले, "सरांनी गिरीजची विहीर गोड करून दाखवली." मी उठले, व्यासपीठावर गेले, त्यांच्यासमोरचा ग्लास रिकामा केला आणि बाटलीतलं पाणी ओतलं. माईकवर ऐकू जाईल असं म्हटलं, "हे त्या विहिरीचं पाणी आहे. प्या." मला वाटलं, आता तोंड वाकडं होईल, आता सगळ्यांना दिसेल. अध्यक्षांनी ग्लास उचलला. अर्धा प्यायले. गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. चेहऱ्यावरची एक रेषा हलली नाही. मग ते माईकपाशी वाकले आणि म्हणाले, "गोड आहे." आणि डोळ्यांना रुमाल लावला.

टाळ्या पडल्या. बाबा पहिल्या रांगेत होते. बाबांनीही वाजवल्या. ते हे वाचतील. रविवारची पुरवणी आमच्या छापखान्यात तेच आधी उघडतात.

अजून काय लिहू... मी पत्रकांवर वाढले. एका वाक्यात जग हलतं यावर माझा विश्वास होता. त्या दिवशी मी खाऱ्या पाण्याचा ग्लास माणसाच्या हातात दिला आणि तो सरळ गोड म्हणाला, आणि दोनशे-तीनशे लोकांना ते गोड लागलं, न पिता.

परवा रविवारी मी एकटीच गिरीजला गेले. ऑक्टोबर आहे, चाक उभंच्या उभं होतं. मार्थाबाय अजून मिस्साहून यायची होती. फाटक नुसतं ओढून घेतलेलं होतं. ती आली, डोक्यावरचा पदर सारखा करून थेट विहिरीवर गेली. बादली सोडली. खांबावरचा पेला काढला, तळाशी असलेलं कोळ्याचं जाळं बोटाने पुसलं, पेला भरला आणि उभ्याने प्यायली. थोडा वेळ तशीच थांबली, तोंड मिटून. मला विचारायची भीती वाटत होती.

"आज कमी लागतंय," ती म्हणाली.

माझ्या डोक्यात मथळा तयार झाला. खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी झाला, उद्गारचिन्हासकट. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं असावं. पदराने नाक पुसलं.

"पन मला पडसं झालंय," ती म्हणाली. "हे धरू नको."

आणि पेला परत खिळ्याला टांगला.